पालकांनी पालक कसा लपवावा

रविवारी आपण करतो तो स्वयंपाक. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसातनंतर करतो तो बंदोबस्त. हा फरक ज्यांना मान्य नाही त्यांनी पुढचं वाचू नये. त्यांच्याकडे बहुधा स्वयंपाकाच्या बाई दोन्ही वेळ येतात.

तयारीला घराची बेल वाजवण्याआधीच लागावं. दार उघडताच "आज जेवायला काय आहे?" हा प्रश्न येणार, तेव्हा लिफ्टमध्येच एक उत्तर घोटून ठेवावं. खरं उत्तर कधीही देऊ नये. 'दुधी' एवढं ऐकलं तरी मुलाचं पोट जागच्या जागी भरतं. "सरप्राइज आहे" हे तिसरी-चौथीपर्यंत चालतं, पुढे "बघशीलच" म्हणावं. त्यात धमकीही आपोआप येते. बोलता बोलता ओट्यावरच्या डब्यांकडे नजर टाकावी. आजीने साडेसहाला "एवढासाच" म्हणून चिवडा दिलेला असेल, तर आजचा पोषणाचा कार्यक्रम सुरू होण्याआधीच आटोपला आहे. आजीशी वाद घालू नये. वेळ जातो आणि निकाल ठरलेला असतो.

पहिला उपाय मूगडाळीची खिचडी. वाटीभर तांदूळ, पाऊण वाटी डाळ, पाच वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ, तीन शिट्ट्या. तांदळात लायसिन कमी, ते डाळ पुरवते. डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. एकमेकांचं उणं इतक्या मुकाट्याने भरून काढणारी जोडी घरात दुसरी सापडणार नाही. कुकरमध्ये पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळतं, म्हणून काम लवकर होतं हे खरं. पण "दहा मिनिटांत खिचडी" सांगणारे शिट्ट्या मोजतात, वाफ जिरायचा वेळ मोजत नाहीत. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडणारे शूर लोक असतात. त्यांच्या ओट्यामागच्या टाइल्सवर पिवळी नक्षी असते. आपण शांतपणे गाजर किसावं, लिंबू पिळावं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. हे मुलाला सांगू नये. पदार्थ पौष्टिक आहे असं कळलं की तो कडू लागतो.

खिचडी सलग दोन दिवस केल्यास "कोण आजारी आहे?" असं विचारलं जातं. म्हणून दुसरा उपाय, थालीपीठ. भाजणी डब्यात असेल तर वीस मिनिटांचं काम. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे हे सगळं भर उन्हाळ्यात कढईपुढे उभं राहून कुणीतरी वेगवेगळं भाजलेलं असतं, मग गिरणीत नेलेलं असतं; ते तास 'झटपट' या सदरात धरत नाहीत. ही व्यक्ती आई किंवा सासू असेल तर तिला अधूनमधून विनाकारण फोन करावा. डबा परत करताना रिकामा देऊ नये.

आता पालक. तो मिक्सरमधून काढू नये, पीठ हिरवंगार होऊन सगळा बेत उघडा पडतो. अगदी बारीक चिरून भाजणीत मळला की तो कोथिंबिरीच्या नावावर खपतो. कोथिंबिरीवरही बहिष्कार असलेल्या घरात दुधी किसून घालावा. दुधीला स्वतःचा रंगही नाही आणि मतही नाही. त्याचं पाणी पिळून टाकू नये, त्यातच पीठ भिजवावं. मीठ पडलं की आणखी पाणी सुटतं, तेव्हा वरचं पाणी हात राखून. दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन, तेलाचा हात लावून तिच्यावर थापावं. मग मुलाला हाक मारून मधोमध एक आणि भोवती चार भोकं त्याच्या बोटाने पाडून घ्यावीत. हीच या मार्गदर्शनातली खरी किल्ली. स्वतः भोकं पाडलेल्या थालीपिठावर मुलाची मालकी सुरू होते, आणि आपल्या मालकीच्या वस्तूत दुधी असेल अशी शंका कुणालाच येत नाही. भोकांत तेल सोडून झाकण ठेवावं, कडा सुटल्या की उलटावं. वर लोणी. लोण्याबाबत कंजुषी करून वर पौष्टिकतेचं भाषण देणाऱ्या घरांत मुलं शेजारी जेवतात.

सकाळच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी, शेंगदाणे आणि शेजारी वाटीभर दही. 'उरल्या' हा तपशील गाळावा.

ताटं वाढून झाली की "मी काही मदत करू का?" असा आवाज हॉलमधून येईल. हा आवाज बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचा असतो. त्या व्यक्तीला उद्यापासून साडेसातलाच लसूण सोलायला बसवावं.

जेवणानंतर मुलाच्या ताटाची पाहणी करावी. कडेला मोहरी, कढीपत्ता, टोमॅटोचं साल असा ऐवज सुटा सुटा, ओळीने मांडलेला दिसेल. ज्याला गणिताच्या पेपरातलं वजाचं चिन्ह दिसत नाही, त्याला पिवळ्या खिचडीतलं पिवळं आलं बरोबर दिसतं. रागावू नये. एवढं निवडलं म्हणजे उरलेलं पोटात गेलं, असा हिशेब मांडावा.

साडेनऊला, दात घासून झाल्यावर, "मला भूक लागली" अशी घोषणा होईल. केळं द्यावं. दात पुन्हा घासून घ्यायचे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या उरलेल्या ताकदीप्रमाणे ठरवावं. मग ओटा पुसून मटकी भिजत घालावी. सकाळी उपसून फडक्यात बांधली की उसळ परवा रात्रीची. उद्यासाठी ती कालच भिजवायला हवी होती. उद्यासाठी फ्रिजमध्ये अंडी किती आहेत ते बघून ठेवावं.