पद्मिनीपालन : तत्त्व, तंत्र आणि साडू

ज्यांच्या दारात प्रीमियर पद्मिनी उभी आहे आणि ती नुसती उभी राहू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. गाडीवर खोळ घालून ठेवणाऱ्या आणि पाहुणे आले की ती खोळ बोनेटपुरती वर करून दाखवणाऱ्या पंथासाठी नाही. त्या पंथाचे एक अध्वर्यू नात्याने आमचे साडू लागतात. मार्गदर्शिका त्यांना उद्देशून लिहिलेली नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. कारण ते ती वाचणार आहेत.

पूर्वपीठिका

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७४ च्या सुमारास तिचंच बारसं होऊन ती पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. इंजिन १०८९ सीसीचं, गियर स्टेअरिंगच्या दांडीला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आज कुर्ल्यात प्रीमियर रोड आहे, प्रीमियर नाही.

तरीही पुढची वीसेक वर्षं पार्ट मिळत राहिले, ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेने. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी दिवसरात्र पळत होत्या, म्हणून लहान कारखानदारांना तिचे बुश, रबरं, केबली बनवणं परवडत होतं. टॅक्सी मोडीत निघाली की तिची दारं, मडगार्ड, डिफरन्शियल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मांडलेलं दिसे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांतून मुंबईकरांची हळहळ छापून आली. आम्ही मात्र हळहळलो नाही, धास्तावलो. शौकिनांच्या गाड्या इतकी वर्षं टॅक्सीच्या उष्ट्यावर जगत होत्या, हे तेव्हा लख्ख कळलं.

नियम १ : दुकानात गाडीचं नाव काढू नये

‘पद्मिनीचं ऑइल सील आहे का?’ असा प्रश्न काउंटरवर टाकला की तीन गोष्टी संभवतात. दुकानदार हसतो. किंवा त्याला त्याच्या वडिलांची पद्मिनी आठवते आणि तुमची दुपार जाते. किंवा त्याच्याकडे ते सील खरोखरच असतं, आणि मग ते किती दुर्मिळ आहे हे तुमच्या चेहऱ्यावरून ताडून तो भाव सांगतो. तिन्हींत नुकसान तुमचंच.

शास्त्रशुद्ध पद्धत अशी. जुनं सील फडक्याने पुसून उजेडात धरावं. कडेला तीन आकडे उमटवलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आकडे पुसले गेले असतील तर व्हर्निअर लावावा. मग गाड्यांच्या पार्टचं दुकान सोडून बेअरिंगच्या दुकानात जावं, जिथे पिठाच्या गिरणीवाले आणि विहिरीवरच्या मोटारीवाले येतात. तिथे फक्त आकडे सांगावेत. बेअरिंगचंही तसंच. ६२०४ म्हणजे आत २० मिलिमीटर, बाहेर ४७, जाडी १४. कंपनी कुठलीही असो, देश कुठलाही असो. दुकानदार मान वर न करता माल देतो. आपण कुठल्या गाडीसाठी घेतोय हे त्याला सांगायचा मोह होतो. आवरावा.

नियम २ : काढलेला पार्ट फेकू नये

पुढच्या वेळी नमुना म्हणून तोच लागतो. घरच्यांना हे पटत नाही. पटवत बसू नये. माळ्यावर ठेवून द्यावं.

नियम ३ : ‘ओरिजिनल’ या व्याधीपासून सावध राहावं

ही व्याधी साधारण पन्नाशीनंतर जडते. पहिलं लक्षण म्हणजे रुग्ण पार्ट बघण्याआधी खोका बघतो. आमच्या साडूंनी पेट्रोल पंपाच्या दुरुस्तीचं एक किट असंच मिळवलं. जुन्या दुकानातला न विकला गेलेला माल, कंपनीचं लेबल शाबूत, किंमत विचारू नये. आतला डायफ्रॅम रबराचा. रबराला आपण गाडीत आहोत की खोक्यात याच्याशी काही देणंघेणं नसतं. ते दोन्हीकडे सारखंच म्हातारं होतं. तो डायफ्रॅम मी दोन बोटांत धरून जरासा वाकवला, तर मधोमध बारीक भेगा दिसल्या. साडूंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि परत खोक्यात घातला. आता ते खोकं हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे, गणपतीच्या शेजारी.

तेव्हा नीट लक्षात ठेवावं. लोखंड, पितळ, काच : जुना, न वापरलेला माल बिनधास्त घ्यावा. रबर, कंडेन्सर, ब्रेकची किट : आज बनलेलंच घ्यावं, लेबल कुणाचंही असो.

आणि पुढची वळणदार काच कुठे दिसली तर भाव करू नये. उचलावी. तिला पर्याय नाही.

नियम ४ : पार्टपेक्षा उस्ताद जपावा

पार्ट दुर्मिळ झालेत म्हणून सगळे रडतात. पार्ट बनवता येतो. तो बनवणारा कसा बनवायचा?

नवा मेकॅनिक गाडीकडे येतो तो हातात स्कॅनर घेऊन, आणि वायर कुठे जोडायची ते शोधतो. आमचे उस्ताद एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडाशी तळहात धरतात, इंजिनाची ओढ बघतात आणि म्हणतात, ‘हवा कुठून तरी खातेय.’ मग पॅकिंग बदलायचं ठरतं. तयार पॅकिंग मिळत नाहीच. उस्ताद पॅकिंगचा कागद सरळ त्या बिडाच्या तोंडावर अंथरतात आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जातात. बिडाची धारच कागद कापते. राहिली बोल्टची भोकं. प्रत्येक भोकावर बेअरिंगचा एक छर्रा ठेवायचा आणि वर एकच टोला. टिकलीएवढा गोल तुकडा खाली पडतो. कात्री नाही, पट्टी नाही, पेन्सिल नाही. चहा येईपर्यंत पॅकिंग तयार.

लेथवाला, रेडिएटरला नवी जाळी बसवून देणारा, ब्रेकच्या शूला नवं लायनिंग रिव्हेट मारून देणारा, क्लच प्लेट पुन्हा भरून देणारा : ही सगळी माणसं पुण्यात नाना पेठेच्या आसपास अजून सापडतात, पण बहुतेकांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. म्हणून उस्तादांशी घासाघीस करू नये. दिवाळीला आणि ईदला त्यांच्या घरी जावं, घरून काहीतरी घेऊन जावं. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करावी. तेही १०८९ सीसीइतकेच महत्त्वाचे आहेत.

नियम ५ : गियर अडकल्यास चेहरा शांत ठेवावा

स्टेअरिंगखालच्या दांड्यांच्या टोकांचे बुश झिजले की दोन दांड्या एकमेकींत अडकतात आणि गाडी एका गियरमध्ये रुतून बसते. हे सिग्नलला होतं. दुसरीकडे होत नाही. मागे रिक्षावाले हॉर्न देऊ लागतात. तुम्ही इंजिन बंद करायचं, सावकाश उतरायचं, बोनेट उघडायचं, स्टेअरिंगच्या पायथ्याशी हात घालून दोन्ही दांड्या एका रेषेत आणायच्या. खट्‌ असा आवाज येतो. बोनेट लावायचं, हात पुसायचे, निघायचं. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. घाईघाईने केलात तर लोक कीव करतात. सावकाश केलात तर एखादा पोरगा मोबाइलवर शूटिंग घेतो.

कायमचा उपाय : लेथवाल्याकडून बुश करून घेणे. पण मग सिग्नलला कोणी विचारत नाही.

नियम ६ : ऋतुचर्या

उन्हाळा. घाटात गाडी आचके देऊन बंद पडली की बहुतेक वेळा दोष तापलेल्या पेट्रोल पंपाचा असतो. आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकावं, पंधरा मिनिटं थांबावं. खंबाटकीत थांबलेल्या पद्मिनीतला माणूस त्रस्त आहे असं समजू नये. त्याच्याकडे थर्मास असतो.

पावसाळा. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. मेअखेर तारेने ती मोकळी करावीत. बाहेरून मारलेल्या कितीही भारी रंगापेक्षा ही फुकटची तार जास्त वर्षं दार टिकवते.

बारमाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते चालत नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदलून इथेनॉल सोसणारी घालावी. खर्च किरकोळ आहे. गळकी नळी आणि तापलेलं इंजिन एकत्र आलं तर तो किरकोळ राहत नाही.

ब्रेक आणि स्टेअरिंग यांत जुगाड नाही. इथे विनोद संपतो.

नियम ७ : सरकारशी भांडू नये

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यावर हरित कर. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना पुढे आणखी चढलं. भरावं. पर्याय म्हणून २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, एवढंच. म्हणजे पन्नास वर्षं गाडी चालती ठेवल्याचं बक्षीस काय, तर ती चालवायची नाही. हा नियम करताना आमच्या साडूंचा सल्ला घेतला असावा असा मला दाट संशय आहे.

नियम ८ : ‘विकायची आहे का?’

उत्तर देऊ नये. हसावं आणि काच वर करावी. काच वर जात नसेल तर नुसतंच हसावं.

नियम ९ : चालवावी

वरचे आठ नियम मोडले तरी चालेल. हा मोडू नये.

उभ्या गाडीला जे होतं ते पळत्या गाडीला होत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि जेट बुजतात. टाकीला आतून गंज धरतो. ऑइल सील सुकतात. रविवारी जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून समाधान मानणाऱ्यांनी हेही ऐकावं : तेवढ्याने सायलेन्सर तापत नाही, आत पाणी मात्र साचतं आणि तो सडतो. आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर, इंजिन पुरतं तापेपर्यंत, सगळे गियर टाकत, ब्रेक दाबत जाऊन यावं. ओरखडा पडेल. एखादी रिक्षा घासून जाईल. डेंटर-पेंटरलाही पोट आहे.

आमच्या साडूंची गाडी माझ्या गाडीपेक्षा देखणी आहे, हे मी मान्य करतो. क्रोम चमकतो, सीट मूळच्या, पुढच्या काचा जादाच्या दोन. ज्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं त्या वर्षी तीच गाडी घेऊन ते मला आणि आमच्या हिला महाबळेश्वरला घेऊन गेले होते. पसरणी घाटात सगळी वळणं त्यांनी एका हाताने घेतली, दुसरा हात खिडकीबाहेर. त्या माणसाला आज त्याच गाडीच्या टायरवर धूळ बसलेली चालत नाही, पण टायर बसलेले चालतात.

म्हणून शेवटची सूचना सर्व वाचकांना नाही, एकालाच. भाऊसाहेब, टायरमध्ये हवा भरा, बॅटरी जोडा, ब्रेकचं तेल बदलून घ्या. उस्तादांचा नंबर तुमच्याकडे आहेच. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी तुमच्या फाटकाशी आहे. वाईपर्यंत जाऊन येऊ. ओढून न्यायचा दोर मी आणतो. कोणाच्या गाडीला लागतो ते वाटेत ठरेल.