भाऊले बोलाव!

नागपुरात नवा लेआउट पडला की आधी हनुमानाचं मंदिर येतं, मग किराणा, मग पानठेला. पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर उभं राहिलं की लेआउटमधल्या चौथ्या संस्थेचा पत्ता लागतो. “कॉम्प्युटर हँग होऊन राहिला? मंग भाऊले बोलाव ना बे!” या भाऊंना आडनाव असतं, नोकरी असते, घराच्या कर्जाचे हप्तेही असतात, पण लेआउटच्या लेखी त्यांची ओळख एवढीच, की त्यांनी जन्मात कधी तयार कॉम्प्युटर विकत घेतलेला नाही. स्वतःचा स्वतः जोडला आणि अर्ध्या लेआउटला जोडून दिला.

‘ब्रँडेड’ हा शब्द भाऊ ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात बाकीचे नागपूरकर फक्त पुण्याच्या पोह्यांबद्दल बोलतात. “त्याच्या आत काय भरून ठेवलं हाय, मालूम असते का तुले? आपल्या मशीनमदी प्रत्येक स्क्रू आपला.” हे खरं आहे. फक्त जोडणी संपल्यावर त्यातले तीनचार स्क्रू दर वेळी उरतात. ते भाऊंच्या शर्टाच्या खिशात जातात आणि पुढे वॉशिंग मशीनच्या तळाशी सापडतात, ही तक्रार वहिनींची.

भाऊंची जडणघडण पेंटियमच्या काळातली. तेव्हा सीताबर्डीच्या बाजारात जे मिळे ते बर्डीवरून, आणि जे मिळत नसे त्यासाठी रात्रीची गाडी. एका रात्रीत दिल्लीचं नेहरू प्लेस, एका रात्रीत मुंबईचा लॅमिंग्टन रोड. झिरो माइलच्या गावात राहण्याचा एवढा एकच फायदा आपल्या पिढीला झाला, असं त्यांचं मत आहे. परतीच्या प्रवासात मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेला असायचा. दिल्लीहून येताना इटारसीला चहासाठी उतरायचं तर तो शेजारच्याकडे सोपवायचा की नाही, हा प्रश्न भाऊंनी दर खेपेला चहा न पिऊन सोडवला. आज ग्राफिक्स कार्ड मोबाइलवर मागवलं की दोन दिवसांत दारात येतं, याचं त्यांना मनापासून दुःख आहे.

त्यांच्या स्वतःच्या कॅबिनेटला डावी बाजू नाही. म्हणजे आहे; ती पत्र्याची बाजू खरेदीच्या दिवसापासून कपाटामागे उभी आहे. “बंद करून फायदा काय? पुन्हा खोलाच लागते.” उघड्या बाजूला टेबलफॅन लावलेला, आणि त्याच्या हवेत इतक्या वर्षांची धूळ, दोनचार झुरळं आणि एकदा एक पाल मदरबोर्डावर नांदून गेली. पाल मेली त्या दिवशी मशीन सुरू होत नव्हतं. काढली तर सुरू झालं. भाऊंच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत निर्विवाद निदान.

बाकीची निदानं इतकी स्वच्छ नसतात. दुरुस्तीचं शास्त्र सांगतं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि फरक पाहावा. भाऊ एका वेळी पाच बदलतात. रॅम काढून खोडरबरानं घासतात, दुसऱ्या खाचेत बसवतात, हार्ड डिस्कची वायर पालटतात, ड्रायव्हर नवा टाकतात आणि जाता जाता मॉनिटरचा प्लग भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटात खोचतात. मशीन चालू होतं. कशानं झालं हे कुणालाच सांगता यायचं नाही. भाऊंना मात्र तत्क्षणी समजलेलं असतं. (खोडरबराचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त वेळा रॅम नुसती काढून पुन्हा घट्ट बसवल्यानंच काम झालेलं असतं. मान रबराला मिळतो.)

यातून आमच्या लेआउटमध्ये जे धर्म निघाले, ते अभ्यासण्यासारखे आहेत. एका घरी पुढच्या पोर्टात पेनड्राइव्ह लावणं निषिद्ध आहे. दुसऱ्या घरी ट्यूबलाइट पेटल्याशिवाय कॉम्प्युटर लावत नाहीत. एका निवृत्त मास्तरांकडे की-बोर्डाखाली वर्तमानपत्राची घडी असते, कारण भाऊ दुरुस्तीला आले त्या दिवशी ती योगायोगानं तिथे होती आणि नंतर मशीन चाललं. ती घडी अजून त्याच तारखेची आहे.

मागच्या मे महिन्यात समोरच्या काकूंच्या मुलाचं मशीन आजारी पडलं. ते भाऊंनीच जोडून दिलेलं, त्यामुळे बोलावणं त्यांनाच जायचं. मला टॉर्च धरायला बोलावलं होतं. भाऊंचे दोन्ही हात आत असतात, तोंडात खर्रा असतो, तेव्हा उजेड धरणारा आणि “हो का?” म्हणणारा असा एक इसम त्यांना लागतोच.

“काय करून राहिलं?”

“भाऊ, बाकी सगळं मस्त चालते. पिक्चर पाहा, प्रोजेक्ट करा, काही होत नाही. गेम लावला का पंधरावीस मिनटांत फोटोसारखा थांबून जाते. अन् आवाज अटकून राहते, टर्रर्र करून.”

भाऊंनी खुर्ची ओढली, गेम लावायला सांगितला आणि डोळे अर्धवट मिटून बसले. पडद्यावरची गाडी वळणावर थिजली, टर्रर्र सुरू झालं. भाऊंनी पुढे वाकून कॅप्स लॉकचं बटण दाबलं. दिवा पेटला नाही. पुन्हा दाबलं. नाही. “गेम नाही अटकला. मशीनच अटकलं.” हे मी कबूल करतो की इथे माणूस वाकबगार दिसला. नुसता गेम अडकला असता, तर त्या चिमुकल्या दिव्यानं हुकूम ऐकला असता. अशा वेळी मला वाटतं, हे गृहस्थ पुढच्या पाच मिनिटांत गप्प राहिले तर काय बहार येईल.

ते गप्प राहिले नाहीत. “ड्रायव्हर!” म्हणाले. मग “नाही, एसएमपीएस.” मग कार्डाकडे बोट दाखवून, “अन् हे मायनिंगवाल्याचं असन.” कार्ड जुन्या बाजारातलं होतं. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनानं आपली पद्धत बदलली आणि रात्रंदिवस आभासी नाणी दळणारी हजारो कार्डं एकदम निरुद्योगी होऊन जुन्या बाजारात आली. त्यातलंच हे असावं, असा भाऊंचा वहीम. पोरानं हळूच आठवण दिली, “भाऊ, कार्ड तुम्हीच आणून देल्लं होतं.” भाऊ म्हणाले, “म्हणूनच तं टिकून राहिलं.”

मग एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची पाळी. डब्यावर 500 वॉट छापलेलं. भाऊंचा छापील वॉटवर विश्वास नाही, वजनावर आहे. त्यांनी डबा सोडवून तळहातावर तोलला, भाजी घेताना बाया पत्ताकोबी तोलतात तितक्या गंभीरपणे. “हलका हाय.” मग तो परत लावून मल्टिमीटर काढला, पिवळ्या वायरीत काटा खोचला: 11.9. बारा व्होल्टच्या वायरीला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 11.4 पर्यंत खाली आलं तरी हरकत नाही. पण हे मोजमाप गेम बंद असताना घेतलेलं होतं. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही एकदम वीज ओढायला लागतात ते गेममध्ये, आणि एसएमपीएसची नाडी पाहायची तर तेव्हाच. हे मी बोललो नाही. टॉर्च धरणाऱ्यानं बोलायचं नसतं.

तेवढ्यात भाऊंनी हात झटकला. “शॉक मारून राहिला!” तो झिणझिण्या देणारा शॉक आमच्याकडच्या कॅबिनेटांचा कायमचा गुण. अर्थिंग नीट नसलं की एसएमपीएसमधून झिरपणारा बारीकसा प्रवाह पत्र्यावर येऊन बसतो. आणि मे महिन्यात ते नीट नसतंच, कारण काळी माती वाळून भेगाळते, ओल जाते, आणि खड्ड्यातली पट्टी कोरड्या ढेकळांत लटकत राहते.

“काकू, अर्थिंगच्या खड्ड्यात एक बकेट पाणी टाका न जी!”

काकूंनी भांडी घासायचं सोडून बादली नेली. झिणझिण्या खरोखरच गेल्या. गेम मात्र पंधरा मिनिटांनी थांबला.

एव्हाना पोरानं पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं होतं. गेम सुरू झाला की प्रोसेसरचा आकडा 85, 92, 97 असा चढत 100 ला भिडायचा, आणि मग थोड्या वेळात टर्रर्र. प्रोसेसर तिथवर तापला की जीव वाचवायला आधी वेग पाडतो. तेवढ्यानं भागलं नाही की मशीन अडकतं, नाहीतर सरळ बंद पडतं. पोरगं म्हणालं, “भाऊ, गरम होऊन राहिला का?”

“सेन्सर खोटा हाय.”

“पण शंभर दाखवून राहिला ना.”

“अबे, सेन्सर काही बी दाखवते! हवामान खात्याच्या सेन्सरनं नाही का नागपुरात छप्पन दाखवले होते?”

याला उत्तर नव्हतं. 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं खरोखरच 56 अंशांची नोंद केली होती, देशभर बातमी झाली होती, आणि मग सेन्सर चुकला असा खुलासा खात्यानं केला होता. शहराचा खरा उच्चांक 47.9, 23 मे 2013 चा. त्या छप्पनपासून भाऊ कुठलाही तापमापक मानत नाहीत. घरात कुणाला ताप आला तरी आधी थर्मामीटर झटकून स्वतःच्या काखेत लावतात.

मला त्यांच्या हट्टापेक्षा त्यामागचं तर्कशास्त्र आवडलं. पंखा कितीही फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेले सल्ले आमच्या बेचाळीस अंशांच्या खोलीत आणले, की प्रत्येक आकड्यात सतरा मिळवावे लागतात. भाऊंना हे ठाऊक आहे. त्याआधीच्या मे महिन्यात त्यांनीच मला समजावलं होतं. पण या मशीनवरचा तो पंखा, त्याखालची ती अॅल्युमिनियमची पाती, हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं. आणि भाऊंच्या यंत्रशास्त्रात बिघाड नेहमी अशाच जागी असतो जिथे त्यांचा हात पोहोचलेला नाही: कंपनीत, ड्रायव्हरमध्ये, महिन्याच्या वीजबिलात.

तरीही त्यांनी कॅबिनेट उचलून डेझर्ट कूलरच्या तोंडापुढे ठेवलं. सेन्सर खोटा असला तरी पोराचं समाधान व्हायला हवं, म्हणून. वाळ्याचा वास सुटला, मदरबोर्डावर तुषार उडाले, काकू “अवं माय” म्हणाल्या. गेम या खेपेला बराच जास्त चालला आणि मग थांबला. मी टॉर्च जवळ नेली, निव्वळ पाण्याचा थेंब कुठे पडला ते पाहायला, आणि प्रोसेसरच्या पंख्याच्या कोपऱ्यावर उजेड पडला.

इंटेलच्या डब्यात येणाऱ्या त्या पंख्याला चार पाय असतात. काळ्या प्लास्टिकच्या चार पिना, मदरबोर्डाच्या चार भोकांत समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या. नीट बसली की प्रत्येक पिन टक असा आवाज करते. तीन पिना बसलेल्या होत्या. चौथी बोटभर नाही, पण नखभर वर होती. तेवढ्यानं पाती प्रोसेसरवरून एका बाजूनं उचलली गेली होती. साध्या कामात ते खपून जायचं, गेममध्ये नाही.

भाऊंनी पाहिलं. मी पाहिलं. पोरगं मोबाइलमध्ये होतं. भाऊंचा अंगठा आत गेला, बाहेर कूलर घरघरत होता तरी मला तो टक ऐकू आला, आणि त्याच क्षणी भाऊ नेहमीच्या दुप्पट आवाजात म्हणाले, “ड्रायव्हर उतरला का बे पोरा? टाक लवकर! अन् रॅम पलटवली मी, ध्यानात ठेव. एसएमपीएसची वायर बी बदलली.”

ड्रायव्हर टाकला. गेम लावला. आकडा ऐंशीच्या आसपास चढून तिथेच रमला. जेवणवेळ टळून गेली, गाडी वळणं घेतच राहिली. पोरगं नाचायचं बाकी होतं. काकूंनी पैसे विचारले तर भाऊ दुखावले. “घरचेच आहो न जी.” त्यांनी सांबारवडीच्या दोन प्लेटा खाल्ल्या, वर ताक प्याले आणि जाताना मला फाटकाशी म्हणाले, “सर, ड्रायव्हर लय बेकार चीज हाय.” मी मान डोलावली. पिनेबद्दल आम्ही दोघंही आजतागायत बोललेलो नाही, आणि मला वाटतं आमची खरी ओळख त्या दिवशी झाली.

ड्रायव्हरचं श्रेय मात्र भाऊंना पूर्ण पचलं नाही, कारण काकूंना ड्रायव्हर दिसलेला नव्हता. त्यांना दिसली होती बादली. त्यांनी स्वतः पाणी टाकलं आणि त्याच दुपारी कॉम्प्युटर बरा झाला, एवढं त्यांच्या हिशेबाला पुरेसं होतं. ही वार्ता त्यांनी भिशीत सांगितली. आता आमच्या गल्लीतल्या पोरांना गेम खेळायचा तर आधी उन्हात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून यावं लागतं, त्याशिवाय कुणाची आई प्लग लावू देत नाही. पोरांनी भाऊंकडे दाद मागितली. वाटलं, निदान इथे तरी भाऊ शास्त्राची बाजू घेतील.

भाऊंनी खड्डा पाहिला, काठीनं माती ढोसली आणि काकूंना म्हणाले, “नुसतं पाणी कायले टाकून राहिल्या जी? मूठभर खडेमीठ बी टाकत जा. ग्राफिक्स सुधरते.”