पतंगाचा पाहुणचार

(मंचावर टेबल. त्यावर तांदळाचा डबा आणि पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. कलाकार डबा उघडतो, आत डोकावतो, घाईनं झाकण लावतो.)

मंडळी, तांदळात जाळी दिसली की बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात एकच हुकूम सुटतो : "उन्हात घाला!" त्या जाळीतल्या अळीचा पुढे करडा पतंग होतो. नाव कॉर्सायरा. परदेशात हौशी लोक प्रार्थनाकीटक पाळतात आणि त्याच्या ताटात वाढायला झुरळं वाढवतात, म्हणून आपण हसतो. आणि आपल्याकडे? कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळेत हाच पतंग धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखा सांभाळतात! ट्रेमध्ये अडीच किलो भरडलेली ज्वारी, तिच्यात शेंगदाण्याचा भरडा, यीस्ट. महिना-सव्वा महिन्यात पतंग निघाले की मधपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. जावईबापू, आणखी काय हवं? माझं म्हणणं एवढंच, की हा पाहुणचार वसूल होतो.

(कार्ड उचलून) कसा, ते बघा. या कार्डावर डिंकानं चिकटवलेली पतंगाची सुमारे २०,००० अंडी. ट्रायकोग्रामा नावाची, टाचणीच्या टोकाएवढी मित्रमाशी त्यांत आपली अंडी घालते. चार-पाच दिवसांत पांढरी अंडी काळी पडली की समजायचं, काम फत्ते! काळं पडल्याचा आनंद होणारी ही एकच जागा. मग कार्डाच्या पट्ट्या कापसाच्या पानाखाली टाचायच्या. माश्या निघतात आणि बोंडअळीची अंडी शोधतात. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की दार आतून बंद. फवारा बिचारा बाहेर उभा! २०१७ च्या हंगामात मराठवाड्यानं हे पुरतं भोगलं. म्हणून तिला अंड्यातच गाठायचं.

आता कुणी म्हणेल, दुष्काळी मुलखात किड्याला ज्वारी? अहो, ट्रेमधली ज्वारी मोजता येते, गेलेलं बोंड मोजताना हात थरथरतो. दुसरा म्हणेल, पतंग सुटला तर? सुटला तरी उभ्या कापसाला तो तोंड लावत नाही, त्याला साठवलेलं धान्य लागतं. आणि कार्डावरची अंडी आधीच अतिनील प्रकाशाखाली धरलेली असतात, अळी निघतच नाही. तिसरा म्हणेल, नुसत्या कार्डावर भागेल? नाही भागणार! कामगंध सापळे लावा, फरदड ठेवू नका, आणि कार्ड लावल्यावर लगेच जहाल फवारा मारू नका. पाहुणा बोलवून त्याच्याच अंगावर कुत्रं सोडण्यातला तो प्रकार. कार्डाची चौकशी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात करा, नाहीतर जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात.

(डब्याकडे वळून) म्हणजे कीड मुळात वाईट नसते, तिचा पत्ता वाईट असतो. डब्यात ती चोर, ट्रेमध्ये ती नोकरदार. (डबा काखेत मारून) तेव्हा बायांनो, हा डबा उन्हातच घाला. यातल्याची अजून नेमणूक झालेली नाही!

(पडदा)