रात्री-अपरात्री दार वाजल्यास

भारतीय न्याय संहितेच्या लेखी रात्रीची घरफोडी म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत रात्रीची व्याख्या जरा वेगळी आहे. तिथे भांडी घासून पालथी पडली, ओटा पुसून झाला आणि उरलेली भाकरी कुत्र्याला गेली की रात्र सुरू होते. सूर्यास्त ते भांडी या वेळात येतो तो पाहुणा. भांड्यांनंतर येणारा एकतर चोर असतो, नाहीतर नातेवाईक. या दोघांतला फरक दार उघडण्याआधी ओळखणे, हा प्रस्तुत मार्गदर्शनाचा विषय आहे.

दार वाजण्यापूर्वी बरेच काही वाजते, म्हणून रात्रीचे नेहमीचे आवाज पाठ असावेत. कारखान्यांची धुराडी पेटली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या वाटांवर उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि त्यांच्या स्पीकरवरची गाणी शिवार ओलांडून अंथरुणापर्यंत येतात. याला हंगाम म्हणतात. यासाठी काठी शोधू नये. एमआयडीसीतली पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग जाते. शेतीची थ्रीफेज वीज जिथे रात्रपाळीने येते, तिथे बॅटरी घेऊन बांधाबांधाने फिरणारी आकृती ही दरोडेखोराची नसून उसाला पाणी द्यायला निघालेल्या चुलतभावाची असते. त्याच बांधावरून त्याच्याशी वाद चालू असला, तरी त्याला चोर समजून ओरडू नये. ते प्रकरण दिवाणी आहे.

कुत्र्यांचे भुंकणे ऐकताना त्याची दिशा ऐकावी. रस्त्याने कोणी चालत येत असेल तर भुंकणे वस्तीवस्तीने पुढे सरकते: आधी खालच्या मळ्यातले, मग विहिरीजवळचे, मग शेजारचे. सावकाश सरकले तर माणूस पायी आहे, झपाट्याने सरकले तर गाडीवर आहे, आणि एकाच जागी तासभर चालले तर बहुधा मांजर झाडावर आहे. घरचा कुत्रा सर्वांत शेवटी भुंकतो आणि पाहुणा आत येऊन चहा घेऊ लागला तरी थांबत नाही. टिटवी त्या मानाने भरवशाची. ती उघड्या रानात, नांगरटीत बसते आणि अंधारात जवळपास काही हलले की ओरडत उठते. जुनी माणसे तिचे ओरडणे अशुभ मानून देवाचे नाव घेतात. ते घ्यावेच, पण बाहेरचा दिवाही लावावा.

दिव्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बाहेरचा आधी, आतला नंतर. आतला आधी लावला की बाहेरच्याला सगळे घर दिसते आणि आतल्याला खिडकीच्या काचेत स्वतःचा बनियन.

दार वाजल्यावर आतून ‘कोण?’ असे विचारण्याची पद्धत आहे. त्याचे उत्तर ‘मी’ असे येते. नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात दुसरे उत्तर देण्याची रीतच नाही. ‘मी कोण?’ ‘अहो, मी!’ ‘मी म्हणजे?’ ‘आता आवाज बी ओळखू येईना व्हय?’ संभाषण इथवर आले की बाहेरचा माणूस नातेवाईक असल्याचे जवळजवळ सिद्ध होते, कारण चोराला अपमान वाटत नाही. तरीही पडताळणीचा एक प्रश्न विचारावाच. वडिलांचे नाव विचारून उपयोग नाही. ते दारावरच्या पाटीवर लिहिलेले असते. ‘मागच्या जत्रेला जेवायला का थांबला नाहीत?’ हा प्रश्न उत्तम. खरा नातेवाईक याचे उत्तर अंधारात उभ्याउभ्या दहा मिनिटे देतो.

बोलणे खिडकीतून व्हावे. जाळीचे लोखंडी दार असेल तर ते कुलूपबंद ठेवून मगच लाकडी दार उघडावे. दाराच्या साखळीवर फार विसंबू नये; ती चार बारीक स्क्रूंवर लटकलेली असते आणि ते स्क्रू सुताराने शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, घरी जायच्या घाईत बसवलेले असतात.

रात्रीच्या पाहुण्यांत अग्रस्थान पुण्याच्या दाजींचे. पुणे ते बारामती अंतर सुमारे शंभर किलोमीटर. दाजी सहाला निघतो म्हणतात, साडेसातला निघतात, हडपसर ओलांडेपर्यंत नऊ होतात, यवतला चहा होतो, आणि पाटसहून बारामतीकडे वळताना त्यांच्या फोनची बॅटरी संपते. त्यामुळे आगाऊ सूचना मिळत नाही. साडेअकराला दार वाजते. ‘पंढरपूरला निघालोय, म्हटलं जाता जाता टेकावं.’ टेकणारी माणसे चार-पाच असतात. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी महामार्ग झाल्यापासून टेकणे वाढले आहे. रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूंच्या घरांत किती गाद्या लागतील, याचा अंदाज कोणत्याही प्रकल्प अहवालात दिलेला नसतो.

दाजींविरुद्ध सुरक्षेचा कोणताही उपाय उपलब्ध नाही. कुत्रा त्यांना ओळखतो, कडी बाहेरून कशी सरकवायची हे त्यांना माहीत असते, आणि कुलूप त्यांनीच मंडईतून आणून दिलेले असते. ‘जेवून आलोय’ हे त्यांचे विधान पुराव्याअभावी फेटाळावे. पिठले लावताना बेसन आधी पाण्यात कालवून ठेवावे, म्हणजे घाईत गुठळ्या होत नाहीत. लसूण ठेचून घालावा, चिरून नको. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून दाजी स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि ‘कशाला उगाच’ म्हणतात. त्या ‘उगाच’मधल्या जोरावरून किती भाकऱ्या टाकायच्या ते ठरवावे.

मार्गदर्शनपर ग्रंथांत ‘पाहुण्यांचे यथोचित स्वागत करावे’ असे लिहिलेले असते. ते कोणी करावे, हे दिलेले नसते. गृहस्थ सतरंजी अंथरतो आणि पुण्याच्या पावसाची चौकशी करतो. रात्री साडेबाराला तवा घासत असते ती घरातली बाई, जिला पहाटे पाचला धारेला उठायचे असते. हे दाजींना एकदा सांगायला पाहिजे. वर्षानुवर्षे कोणी सांगत नाही. कारण घरातले कोणी पुण्याच्या दवाखान्यात भरती झाले की रात्री दोनला डबा आणि थर्मास घेऊन हजर होणारेही दाजीच असतात, आणि ते आठवले की तक्रार घशातच राहते.

दुसरा वर्ग लग्नपत्रिका वाटणाऱ्यांचा. हे जीपने येतात आणि पाचपेक्षा कमी कधी नसतात. कायद्याने पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. पत्रिका देऊन आहेराची अपेक्षा ठेवणे अद्याप त्या कलमात बसत नाही.

निवडणुकीतल्या उमेदवारास दार उघडावेच लागते. निकालानंतर त्याचे दार वाजवण्याचा प्रसंग येतो.

पोलीस म्हणून कोणी आले तर ओळखपत्र मागावे आणि 112 वर किंवा ठाण्यात फोन करून खात्री करावी. खऱ्या पोलिसाला याचा राग येतो, पण तो थांबतो. तोतया थांबत नाही. पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या घरांना पाणी, पेट्रोल किंवा पंक्चरचे कारण सांगून दार वाजवणारे भेटतात. त्यांतले बहुतेक खरोखरच अडलेले असतात. पाणी जाळीतून द्यावे, हवा तो फोन आपण लावून द्यावा, दार मात्र उघडू नये. यात माणुसकी कमी पडत नाही.

आता चोर. चोर दार वाजवीत नाही, आणि बऱ्याच वेळा तो रात्री येतही नाही. घरचे सगळे लग्नाला गेलेले असतात, दाराला बाहेरून ठसठशीत कुलूप असते आणि गृहस्थाच्या मोबाइलच्या स्टेटसवर ‘सहकुटुंब कोकण दर्शन, चार दिवस’ असे लिहिलेले असते. अशी दुपार त्याला पुरते. बारा महिने रात्री डोळ्यांत तेल घालून जागणारा गृहस्थ नेमका त्याच दिवशी किल्ली चौकटीवर ठेवून जातो. किल्ली लपवण्याची गुप्त ठिकाणे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहेत: चौकटीची वरची फळी, तुळशीची कुंडी, वीजमीटरची पेटी, जुना बूट आणि शेजारच्या काकू. यांतल्या फक्त काकू खात्रीच्या. दागिने बँकेच्या लॉकरात ठेवावेत, त्यांचे फोटो आणि पावत्या वेगळ्या जागी ठेवाव्यात. डाळीचा डबा ही तिजोरी नव्हे; चोरांच्या घरीही डाळीचे डबे असतात.

कॅमेरे बसवणे हल्ली प्रतिष्ठेचे झाले आहे. रात्री कॅमेऱ्याच्या काचेभोवती किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि मग पडद्यावर सकाळपर्यंत पांढरे दोरखंड हलताना दिसतात. काच आठवड्याला पुसावी. चित्रण साठवणारा डबा दूरचित्रवाणीखाली सजवून ठेवू नये, कारण जाणकार चोर जाताना तोही नेतो.

घराची एवढी काळजी घेताना शेत उघडे राहते. विहिरीवरची मोटार, तांब्याची केबल, डीपीतले तांबे आणि तेल यांच्या चोऱ्यांनी उजनीच्या काठापासून नीरेच्या काठापर्यंत शेतकरी वैतागला आहे. केबल जमिनीत पुरावी, मोटारीवर ओळखीची खूण कोरून ठेवावी, आणि चोरी झाली तर रक्कम किरकोळ वाटली तरी तक्रार नोंदवावी. न नोंदवलेली चोरी पोलिसांच्या हिशेबात झालेलीच नसते.

2024 च्या पावसाळ्यात बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर भागात रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालताना दिसल्याचा बोलबाला झाला. चोर घरांची टेहळणी करतात, अशी भीती पसरली आणि गावोगाव काठ्या-बॅटऱ्या घेऊन लोक जागले. माना वर करून जागणाऱ्या मंडळींनी त्या काळात बरेच तारे आणि एखादे विमान पकडले. असा प्रकार दिसल्यास वेळ, दिशा आणि जमल्यास चित्रण पोलिसांना द्यावे. दगड मारू नये. दगडाची परतीची वाट शेजाऱ्याच्या पत्र्यावरून जाते.

गस्तीची परंपरा या भागाला नवी नाही. पेशवाईत गावची राखण रामोशी-जागल्यांकडे असे. चोरीचा माग काढत जायचे आणि माग ज्या गावच्या शिवेत शिरून संपेल त्या गावाने चोर तरी हजर करावा, नाहीतर भरपाई द्यावी, असा रिवाज होता. आज त्या जागी 1967 च्या कायद्याने नेमलेले पोलीस पाटील, ग्राम सुरक्षा दल आणि मोबाइल आहेत. पुणे जिल्ह्यासह अनेक ठिकाणी वापरात असलेल्या ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या 1800 270 3600 या क्रमांकावर बोललेला संदेश, बोलणाऱ्याच्याच आवाजात, गावातल्या नोंदणी झालेल्या मोबाइलवर एकाच वेळी फोन म्हणून जातो. त्यामुळे नाव, ठिकाण आणि काय घडले एवढेच स्पष्ट बोलावे. ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ यात वेळ घालवला तर मध्यरात्री अख्खे गाव तेवढेच ऐकते.

इथे विनोद थांबवून एक गोष्ट सांगणे भाग आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची निरपराध माणसे होती. रात्रीच्या घरफोडीत स्वतःचा बचाव करण्याचा अधिकार कायद्याने मोठा दिला आहे, पण तो गरजेपुरता. पकडलेल्या माणसाला खांबाला बांधल्यावर त्याच्यावर उगारलेला हात हा बचाव नसतो, गुन्हा असतो. पालावर राहणारा, अनोळखी बोली बोलणारा माणूस रात्री रस्त्याने चालला, एवढ्यावर कोणाला घेरू नये. संशय आलाच तर 112.

उसाच्या फडातून येणारा बिबट्या हा पाहुणा ‘मी’ म्हणत नाही. शेळ्या-वासरे रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवावीत, अंधारात एकट्याने वाकून काम करू नये, पाण्याला जाताना मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत, आणि माग दिसल्यास वन विभागाच्या 1926 वर कळवावे. फोटोसाठी मागे जाऊ नये.

दाजींची पाठवणी सकाळी सहाला होते. ‘आजचा दिवस राहा’ हा आग्रह दोनदा करावा. तिसऱ्यांदा केल्यास ते राहतात. गाडी वळल्यावर घरात एक फेरी मारून चार्जर, चष्मा आणि गोळ्यांची डबी राहिली आहे का ते पाहावे, नाहीतर परतीच्या वाटेवर पुन्हा साडेअकरा ठरलेले.

112, 1926, ग्रामसुरक्षा यंत्रणा, पोलीस पाटील आणि शेजारच्या काकू, असे पाच क्रमांक दाराजवळच्या भिंतीवर चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. वाचक स्वतःच कोणाचे दाजी असतील, तर त्यांनी बॅटरी शिल्लक असेपर्यंत हडपसरहून एक फोन करावा.