पाकळी कुठाय?

सरळ हिस्टोग्रॅम काढणाऱ्या माणसाकडे मी अलीकडे जरा करुणेनं बघतो. बिचाऱ्याचे खांब डावीकडे सुरू होतात आणि उजवीकडे मुकाट्यानं संपतात. माझा हिस्टोग्रॅम कुठे सुरूही होत नाही आणि कुठे संपतही नाही. तो गोल असतो, त्याला पाकळ्या असतात आणि आम्हा भूशास्त्रवाल्यांत त्याला रोझ डायग्रॅम म्हणतात. मी लाडानं गुलाब म्हणतो. प्रबंधात एक चांगला गुलाब घातला की बाकीची पानं कुणी वाचत नाही आणि बाकीच्या पानांचा दर्जा बघता ते बरंच असतं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांना मी एकदा माझा ताजा गुलाब दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला आणि ‘हे कशाचं आहे?’ असं विचारलं. एवढी संधी मी सोडणार नव्हतोच. दख्खनचा लाव्हा, जमिनीला पडलेल्या भेगा, कोनांची सांख्यिकी असं सगळं ऐकवलं. चहा निवला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे भिंती कुठल्या दिशेला आहेत, एवढंच ना?’

एवढंच. पण ‘एवढंच’वर मोठा होणारा माणूस मी नव्हे.

त्या भिंती म्हणजे डाइक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्यातल्या काही भेगांत तो तसाच थिजला. आजूबाजूचा खडक झिजत गेला की हा थिजलेला खडक शेताशिवारातून भिंत होऊन उभा राहतो. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती मैलोन् मैल जातात. उपग्रहानं घेतलेली प्रतिमा इमेज-जे नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, एकेका भिंतीवर माउसनं रेघ ओढायची आणि मोजण्याचं बटण दाबायचं. टेबलात तिचा कोन येऊन पडतो. पुरेसे कोन जमले की गुलाब.

इमेज-जे हे वेन रॅसबँड यांचं काम. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, १९९७ साली ते सुरू झालं. त्याआधी १९८७ पासून मॅकिन्टॉशवर त्यांचंच ‘एनआयएच इमेज’ होतं. इमेज-जे पेशी मोजणाऱ्यांसाठी जन्मलं, पण त्याला पेशी आणि सह्याद्री यांतला फरक कळत नाही, म्हणून आमचंही भागतं. शिवाय ते फुकट आहे. फुकटच्या वस्तूला नावं ठेवू नयेत असा आपल्यावर संस्कार आहे, म्हणून तक्रार हळू आवाजात करतो. हे सॉफ्टवेअर कोन मोजतं, पण गुलाब काढत नाही. कोनांचं वितरण मागितलं की सरळ खांब पुढे करतं. त्याच्या भारदस्त अवतारात, फिजीमध्ये, डायरेक्शनॅलिटी नावाचं प्लगिन आहे. ते तर रेघा न ओढताच प्रतिमेतली मुख्य दिशा हुडकून देतं. पण तेही उणे ९० ते ९० अंश अशा सरळ पट्टीवरच. गोल गोष्ट सरळ करून वाढायची ही सवय बघितली की मला पोळी कापून खाणारी माणसं आठवतात.

म्हणून गुलाबासाठी पायथॉनच्या दारी जावं लागतं. तिथे शून्य पूर्वेला असतं आणि कोन घड्याळाच्या उलट वाढतात. आमचं शून्य उत्तरेला आणि कोन घड्याळाबरोबर वाढणारे. त्यासाठी इमेज-जेचे कोन आधी उत्तरेपासूनचे करून घ्यावे लागतात आणि मग दोन ओळी लिहाव्या लागतात. पहिली शून्य उत्तरेला नेते, दुसरी फिरण्याची दिशा उलटवते. यातली एकच ओळ लिहिली तर नंदुरबारच्या भिंती भलत्याच बाजूला झुकतात आणि तरीही चित्र अतिशय सुंदर दिसतं. गुलाबाचा हा सगळ्यात धोकादायक गुण आहे. तो चुकला तरी देखणाच राहतो.

त्याहून बारीक खोच इमेज-जेच्या कोनात आहे. पूर्व-पश्चिम भिंतीवर रेघ डावीकडून उजवीकडे ओढली तर कोन येतो ०. उजवीकडून डावीकडे ओढली तर १८०. भिंत तीच, माउसही तोच. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला २७, म्हणजे साधारण ९० आणि २७० अंश, पण पट्टी एकच. डाइकचंही तसंच असतं. त्याला कल असतो, पण तोंड नसतं. आता एका भिंतीचा कोन १ अंश आला आणि दुसरीचा १७९, तर दोघी जवळजवळ पूर्व-पश्चिमच. शाळेत शिकवलेली सरासरी काढा, उत्तर येतं ९०. दोन पूर्व-पश्चिम भिंतींची सरासरी म्हणजे एक ठार दक्षिणोत्तर भिंत!

यावरचा तोडगा मला इतका आवडतो की तो माझाच आहे असं वर्गात कुणाला वाटलं तर मी घाईनं खोडून काढत नाही. सगळे कोन आधी दुप्पट करायचे. २ आणि ३५८ होतात, म्हणजे शून्याच्या अल्याड-पल्याड. प्रत्येकाचा एकेक बाण करायचा, बाणांची बेरीज करायची, जी दिशा येईल तिचा कोन निम्मा करायचा. उत्तर शून्य. हे शास्त्र नीट बांधून देणाऱ्यांत कांती मर्दिया हे मोठं नाव. माणूस राजस्थानातला, पुढे लीड्सला प्राध्यापक; दिशांच्या सांख्यिकीवरचा त्यांचा ग्रंथ १९७२चा. बाणांच्या बेरजेतून आणखी एक आकडा मिळतो, ० ते १ मधला. सगळे बाण एकाच दिशेला असले तर १. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा प्रत्येक जण आपापल्या दिशेला ओढत असला तर ०. जोर भरपूर लागलेला, सरकलं काहीच नाही.

आता पाकळ्यांकडे येऊ, म्हणजे माझ्या खऱ्या दुखण्याकडे. पाकळी किती मोठी काढायची? भिंतींची संख्या दुप्पट झाली तर पाकळीची लांबी दुप्पट करायची की क्षेत्रफळ? लांबी दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होतं, आणि डोळा क्षेत्रफळ बघतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातल्या सैनिकांचे मृत्यू असेच वर्तुळात मांडले. बहुतेक माणसं जखमांनी नव्हे, टाळता येण्यासारख्या रोगांनी मेली, हे त्यांना सरकारच्या गळी उतरवायचं होतं. तिथे चित्र जितकं भडक तितकं सोयीचं. तरी त्या बाईंनी क्षेत्रफळच प्रमाणात ठेवलं. मी कुणाचेही प्राण वाचवत नसताना मला मात्र लांबीची पद्धत भावते, कारण वर्गमूळ घेतलं की माझा गुलाब कोमेजतो. शिवाय डाइकला तोंड नसल्यानं सगळी माहिती अर्ध्या वर्तुळात मावते. उरलेला अर्धा भाग आम्ही त्याच पाकळ्या अर्धं वर्तुळ फिरवून भरून काढतो. शास्त्रात हे मान्य आहे. माझ्या मनालाही ते फार पटकन मान्य झालं.

आणि पेट्या. वर्तुळाचे किती भाग पाडायचे? १० अंशांचे पाडले तर ३६ पेट्या, ३० अंशांचे पाडले तर १२. याचा विचार करताना मला नेहमी आपल्या आठ दिशा आठवतात. इथे वाचकांनी थोडी कळ काढावी, कारण या विषयावर मी आवरत नाही.

आपल्याकडे वर्तुळाच्या आठ पेट्या आहेत, प्रत्येकी ४५ अंशांच्या. नुसत्या पेट्या नव्हेत, प्रत्येक पेटीवर अधिकारी नेमलेला. पूर्वेला इंद्र, आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, नैर्ऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला वरुण, वायव्येला वायू, उत्तरेला कुबेर आणि ईशान्येला ईशान. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्रॅमच्या पेटीला वाहन आणि आयुध मिळालेलं नाही. माझ्या ३६ पेट्यांत साधा कारकूनसुद्धा नाही.

पण मग हद्दीचा प्रश्न येतो. पूर्वेची पेटी पूर्वेच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंश. म्हणजे पूर्वेकडून दक्षिणेकडे २२ अंशांवरची शेगडी इंद्राच्या ताब्यात आणि २३ अंशांवरची अग्नीच्या. वहिनींनी नवा फ्लॅट घेतला तेव्हा एक वास्तुतज्ज्ञ आले होते. त्यांनी मोबाइलमधला कंपास काढला आणि लोखंडी कपाटाला टेकून स्वयंपाकघराचा कोन घेतला. गॅस यमाच्या हद्दीत निघाला. मी विचारलं, ‘कपाटापासून दोन पावलं लांब येऊन बघता का? लोखंडानं सुई ढळते.’ ते म्हणाले, ‘साहेब, आपण काय करता?’ मी छाती काढून सांगितलं, ‘मी दिशाच मोजतो.’ ‘मग तुम्हाला काय सांगायचं!’ म्हणाले आणि वहिनींकडे वळले. ग्रॅनाइटचा ओटा काही हलणारा नव्हता. तेव्हा भिंतीवर एक तांब्याचा पिरॅमिड चिकटवण्यात आला आणि यमानं तिथून बदली स्वीकारली. त्या पिरॅमिडची किंमत ऐकल्यावर मी रोझ डायग्रॅमचं शुल्क आकारत नाही याची मला प्रथमच खंत वाटली.

त्या गृहस्थांवर मी बरेच दिवस विनोद करत होतो. पण पेटीची कड कुठे ठेवायची हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पेट्या पाच अंशांनी सरकवल्या तर एक दांडगी पाकळी फुटून दोन मरतुकड्या होतात, किंवा दोन मरतुकड्या मिळून एक दांडगी होते. तांब्याचा पिरॅमिडही लागत नाही.

हे मला एका विद्यार्थिनीच्या वेळी फार टोचलं. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांचं नशीब थोर असतं. तिथले बहुतेक डाइक पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य अशा एकाच कलाचे, कारण लाव्हा येताना तिथलं कवच उत्तर-दक्षिण ताणलं जात होतं आणि ताणाला आडव्या भेगा उघडत होत्या. गुलाब काढा, दोन तलवारी बाहेर येतात. ही मुलगी मात्र नाशिक-पुणे पट्ट्यात काम करत होती. तिथले डाइक वाटेल तिकडे जातात. भर मे महिन्यात ती ब्रंटन कंपास घेऊन डोंगर चढली. मी पंख्याखाली बसून तिच्या रेघा तपासल्या. तिचा गुलाब आला जवळजवळ गोल. बाणांच्या बेरजेतून येणारा आकडा शून्याच्या आसपास. रेलीच्या सांख्यिकी चाचणीतही कुठल्या दिशेकडे विशेष ओढ दिसेना.

चर्चेला आलेल्या एका ज्येष्ठांनी चित्र हातात घेतलं आणि विचारलं, ‘पाकळी कुठाय?’ मग प्रेमळ सल्ला दिला. पेट्या जरा रुंद करून बघ, थोड्या सरकवून बघ, काहीतरी निघेल. निघालं असतंच. तिचा चेहरा उतरला, आणि मला मनापासून राग आला. त्यांचाही आणि स्वतःचाही, कारण तो प्रश्न माझ्या ओठांवर त्यांच्याआधी आला होता.

गोल आला याचा अर्थ काही मिळालं नाही असा नसतो. ते डाइक थिजत होते तेव्हा तिथली जमीन कुठल्या एका दिशेनं जोरात ताणली जात नव्हती, असा त्याचा अर्थ निघू शकतो. दख्खनचा लाव्हा कसा आणि कुठून वर आला हे ठरवताना हा मुद्दा तलवारीइतकाच मोलाचा आहे. उलट तलवारीचाच संशय घ्यावा लागतो. लँडसॅट उपग्रह आपल्याकडून सकाळी दहाच्या सुमारास जातो. ऊन आग्नेयेकडून तिरपं येतं. त्या उन्हाला आडव्या भिंतींची सावली ठळक पडते, उन्हाच्या दिशेनं धावणाऱ्या भिंती प्रतिमेत बुडून जातात. कितीतरी देखणे गुलाब दगडाचे नसून सकाळच्या उन्हाचे असू शकतात. कंपास घेऊन चढणाऱ्या माणसाला हे कळतं, पंख्याखालच्या माणसाला सांगावं लागतं.

ती मुलगी जाताना म्हणाली, ‘सर, आमच्या शेताच्या कडेची भिंत यात नाहीये.’ बरोबर होतं. सेंटिनेल उपग्रहाच्या प्रतिमेत एक पिक्सेल १० मीटरचा असतो आणि तिची भिंत त्याच्या निम्म्यानंही रुंद नव्हती. उपग्रहाच्या लेखी ती भिंत नव्हतीच. तिनं ती कंपासनं मोजून टेबलाच्या शेवटी वेगळी खूण करून भरली. एका रेघेनं गुलाब तसूभरही बदलत नाही, हे तिलाही माहीत होतं. मी काही बोललो नाही. त्या टेबलातली ती एकच ओळ अशी होती, जिच्यात मोजणारीला आपण काय मोजतोय ते लहानपणापासून माहीत होतं.

तिनं पेट्या बदलल्या नाहीत. प्रबंध गोलासकट मंजूर झाला.

तेव्हा पुढचा गुलाब काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चित्राखाली पेटी किती अंशांची ते लिहा. शून्य कुठे धरलं ते लिहा. पाकळीची लांबी प्रमाणात आहे की क्षेत्रफळ, तेही लिहा. एकूण रेघा किती ते लिहा, फिरवून भरलेल्या सोडून. आणि गोल आला तर गोल छापा.