काही करत नाही हो तो!

नामदेवमहाराजांची पोळी कुत्र्याने पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. देवाने कोरडी पोळी खाऊ नये, एवढीच त्यांची कळकळ. मला मात्र अलीकडे त्या गोष्टीतल्या कुत्र्याचीच काळजी वाटू लागली आहे. तोंडात ऐवज आहे, आणि मागे वळून पाहावं तर एक माणूस नजर रोखून, हात पुढे करून, हाका मारत धावत येतोय! कुत्र्यांच्या रीतीभातीत या सगळ्याचा अर्थ एकच होतो आणि त्या अर्थात तूप कुठेही बसत नाही. इतकी निर्मळ माया आणि तिचा इतका भयंकर अनुवाद! तो जीव पोळीसकट कोणत्या बोळात जाऊन धापा टाकत बसला असेल, कोण जाणे.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे बंडू नावाचा गावठी कुत्रा आहे. मातकट रंग, एक कान उभा, दुसरा विचारात पडलेला. लिफ्टचं दार उघडलं की आधी काकूंचा आवाज बाहेर येतो, "काही करत नाही हो तो!" आणि मग बंडू दिसतो. खरं सांगायचं तर त्या इवल्याशा जागेत बंडू सारखा काही ना काही करत असतो. जांभई देतो. जिभेचं टोक झटकन नाकावरून फिरवून आत घेतो. मग मान वळवून कोपऱ्यातल्या एका स्क्रूकडे असा पाहू लागतो, की लग्नात नको ते नातेवाईक दिसल्यावर आपण मांडवाच्या झालरीत गुंगून जातो, त्याची आठवण व्हावी. "झोप आली बाळाला," काकू म्हणतात. बाळाला झोप आलेली नसते. नॉर्वेच्या तुरिद रुगास या श्वानप्रशिक्षक बाईंनी अशाच बारीक खुणा वर्षानुवर्षं टिपल्या. अवेळी आलेली जांभई, ओठांवरून फिरणारी जीभ, टाळलेली नजर, मध्येच कारण नसताना जमीन हुंगणं. यातून कुत्रा एवढंच म्हणत असतो, की मला तंटा नको आहे, जरा अंतर ठेवाल का? एवढ्या सभ्यपणे तर आमच्या सोसायटीच्या सभेतही कुणी बोलत नाही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं पोर आत शिरतं आणि बंडूच्या गळ्यात दोन्ही हात टाकतं. बंडू ताठ होतो, त्याचं तोंड मिटतं, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर उगवते. पोराचे बाबा फोटो काढतात आणि म्हणतात, "कसला गोड बघतोय!"

आजोळी पडवीत वाघ्या असायचा. आजी जर्मनच्या ताटलीत ताक-भाकरी कालवून त्याच्यापुढे ठेवायची आणि लगेच पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसायची. आम्ही पोरं त्याच्यासमोर उकिडवी बसलो की तिचा आवाज यायचा, "उठा रे, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये." तिने आपली माणसांचीच रीत वाघ्याला लावली होती, आणि ती तंतोतंत त्याचीही निघाली. त्याच्या खांद्यावरचे केस खाली बसायचे, ताटली फरशीवर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकायची. आजीने श्वानांवरचं एकही पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

आमच्यासारख्यांचं वाचन शेपटापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. हललं की खूश! 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी 30 कुत्र्यांना खिडकीतून मालक, अनोळखी माणूस, मांजर आणि एक दांडगा परका कुत्रा दाखवला. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकायचं, दांडग्या कुत्र्याला पाहून डाव्या. हलत मात्र दोन्ही वेळा होतं. मांजराच्या वाट्यालाही थोडीशी उजवी बाजू आली, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे तो आपल्याला वाचत असतो. डार्विनने भावना कशा व्यक्त होतात यावर 1872 साली पुस्तक लिहिलं, त्यात त्याच्या कुत्र्याची एक हकिगत आहे. फिरायला निघालं की वाटेत झाडांच्या काचघराकडे जाणारा एक फाटा लागे. डार्विनचं अंग तिकडे नुसतं कललं, की फेरी हुकणार या शंकेने कुत्र्याची मान, कान, शेपूट सगळंच खाली यायचं. घरात त्या मुद्रेला 'काचघरी चेहरा' असं नावच पडलं होतं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्याचा बेत त्याच्या खांद्यावरून आधीच कुणीतरी ओळखलेला असे.

आणि आपण काय ओळखतो? गुन्हा. महाभारताच्या शेवटी धर्मराजाबरोबर चालणारा कुत्रा सर्वांना ठाऊक असतो, पण आदिपर्वाच्या सुरुवातीला जे पिल्लू येतं ते फारसं कुणाला आठवत नाही. देवशुनी सरमेचं ते पिल्लू जनमेजयाच्या यज्ञमंडपात जातं आणि राजाचे भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे येतं आणि सांगतं, मी काहीच केलं नाही, हवीकडे पाहिलं नाही की ते चाटलं नाही. सरमा जाऊन जाब विचारते, तर सगळे गप्प. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14 कुत्रे होते. समोरचा खाऊ खायचा नाही असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा. आत काय घडलं हे त्याला कधी खरं सांगितलं जाई, कधी खोटं. कान पाडून, नजर चुकवून बसण्याचा तो सुप्रसिद्ध 'अपराधी' चेहरा खाऊ खाण्या-न खाण्यावर मुळीच अवलंबून नव्हता. तो मालकाच्या रागावण्यावर होता, आणि खाऊला न शिवता बोलणी खाणाऱ्यांच्या तोंडावर सर्वांत गडद उमटला.

बंडूच्या घरी परवा काकूंच्या चपलेचा पट्टा कुरतडलेला निघाला. "बघा कसा तोंड पाडून बसलाय, कळतंय त्याला!" काकू मला म्हणाल्या. बंडूला कळत होतं ते एवढंच, की काकूंचा आवाज चढला आहे. त्या घरात उंदीरही आहेत, हे मला काकूंनीच मागच्या आठवड्यात सांगितलं होतं.

तेव्हा चपलेचा निकाल चेहरा पाहून देऊ नका. आणि कधी आमच्या लिफ्टमध्ये बंडू भेटलाच, तर हात खिशात ठेवा, किंचित कडेला वळा आणि खुशाल मोबाइलमध्ये डोकं घाला. त्याच्या समाजात तो फार मोठा शिष्टाचार आहे.