सबमिशनच्या आठवड्यात शोधनिबंध कसा लिहावा

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने विषय शोधत फिरू नये. कॉलेजच्या आवारात जी वनस्पती उगवते तिची पाने तोडावीत, अर्क काढावा आणि तो जिवाणू मारतो का ते पाहावे. तुळस सर्वांत सोयीची. ती मारते हे आजीला ठाऊक असतेच. निबंधात त्याला ‘पारंपरिक ज्ञानाचा आधार’ म्हणावे.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहिताना मात्र जपून. लिनियसने 1753 मध्ये तुळशीला ‘ऑसिमम टेन्यूइफ्लोरम’ म्हटले आणि 1767 मध्ये ‘ऑसिमम सँक्टम’. आज पहिले नाव ग्राह्य आहे, तरी असंख्य निबंध दुसऱ्याच नावाने छापलेले सापडतात. विद्यार्थ्याने दोन्ही लिहावीत, म्हणजे एक ओळ वाढते.

प्रयोग साधा. पाने सावलीत वाळवून मिक्सरमधून काढायची, भुकटी एथेनॉलमध्ये भिजवून गाळायची. पेट्री डिशमधल्या अगरवर ई. कोलाय पसरायचे, अगरात छोटीशी विहीर पाडून अर्क सोडायचा आणि डिश 37 अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी विहिरीभोवती जिवाणू न वाढलेला गोल दिसतो. हा ‘झोन’ पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा.

रात्री लाइट जाते. सकाळी तीनपैकी एका प्लेटवर कापसासारखी बुरशी असते.

शेजारच्या विहिरीत नुसते एथेनॉल घालायचे असते, कारण तेही जिवाणू मारते; गोल तुळशीचा की एथेनॉलचा, हे त्याशिवाय कळत नाही. मनःशांती हवी असेल तर विद्यार्थ्याने ही विहीर पाडूच नये.

तिन्ही प्लेटींचे आकडे मात्र 14, 14, 14 असे लिहू नयेत. मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे अपेक्षित प्रमाणाशी संशय यावा इतके जुळतात, हे रोनाल्ड फिशरने 1936 मध्ये दाखवून दिले. 1925 च्या पुस्तकातून संख्याशास्त्रीय चाचण्यांतली 0.05 ची मर्यादा रूढ करणारा फिशर तो हाच. तीन प्लेटींवर ती मर्यादा गाठणे हे विद्यार्थ्याचे आद्य कर्तव्य मानले जाते.

लिखाणात कर्ता दिसता कामा नये. ‘मॅडम म्हणाल्या म्हणून केले’ हे ‘पूर्वअभ्यासांच्या आधारे निश्चित करण्यात आले’ असे होते. वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये डीएनएची रचना जेमतेम एका पानात मांडली. त्यांना काळ्या रेक्झिनचे बाइंडिंग करायचे नव्हते. इथे जाडी लागते, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात वेदकाळापासून.

ती कुठूनतरी उचलावीच लागते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे गेलेले शब्द बदलायला सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर निदान एकदा वाचून पाहावे. फ्रान्सच्या गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी 2021 पासून असे छळलेले शब्द गोळा केले आहेत. त्यांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चा ‘बुझम पेरिल’ झालेला आहे.

व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नल सर बिस्किट चहात बुडवतात, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवतात आणि थेट तक्त्याचे पान उघडतात.

‘‘नुसत्या एथेनॉलची विहीर कुठाय?’’

विद्यार्थ्याने मॅडमकडे पाहू नये. त्या खिडकीतून तुळशीकडे पाहत असतात. शांतपणे म्हणावे, ‘‘सर, त्या प्लेटवर बुरशी आली.’’